दिवाळे काढू इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द

उद्या एखाद्या देशाचा कारभार आपल्या हाती आलाच, तर त्याचे दिवाळे काढणे वाटते तितके अवघड नाही, एवढे आश्वासन आपणांस आधीच देऊन ठेवतो. युद्ध किंवा जागतिक मंदी येईल म्हणून वाट पाहत बसू नये; ती शेवटच्या धक्क्यापुरतीच उपयोगी पडतात. घराचा पाया आधी आपल्यालाच पोखरून ठेवावा लागतो आणि त्याचा श्रीलंकेइतका नीटनेटका वस्तुपाठ अलीकडे दुसरा झालेला नाही.

आरंभ करसवलतीने करावा. निवडणूक जिंकल्याबरोबर, 2019च्या डिसेंबरात, कोलंबोच्या नव्या सरकारने मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला. तिजोरीत खडखडाट झाला, पतमानांकन घसरले आणि परदेशी बाजारात नवे कर्ज मिळेनासे झाले. पण पेढ्यांची चव तोंडात असताना हिशेबाची वही कोण उघडतो? तूट राहिलीच, तर नोटांचा छापखाना घरचाच असतो.

मग शेतीकडे वळावे. 2021 साली रासायनिक खतांच्या आयातीवर रातोरात बंदी घालण्यात आली. डॉलर संपत आले आहेत, असे न सांगता देश सेंद्रिय होणार आहे, असे सांगावे. त्याने टाळ्याही मिळतात. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, तोवर भाताचे व्हायचे ते नुकसान झाले होते आणि खतावर वाचवलेले डॉलर बाहेरून तांदूळ आणण्यात गेले.

आपल्या चलनाला, म्हणजे इथे श्रीलंकेच्या रुपयालाही, मोकळे सोडू नये. डॉलरचा भाव 200 रुपयांच्या आसपास बांधून ठेवला की आखातात राबणारा माणूस बँकेकडे पाठ फिरवतो आणि जास्त भाव देणाऱ्या हुंडीवाल्याकडून घरी पैसे पाठवतो. अशा वेळी सावकारांशी बोलणी करण्याचा कमीपणा पत्करू नये. 2022च्या जानेवारीत, औषधांची चणचण असतानाच, 50 कोटी डॉलरचे रोखे वेळेवर फेडून श्रीलंकेने अब्रू राखली. दोन महिन्यांनी पश्चिम प्रांतातल्या शाळांना छपाईच्या कागदाअभावी परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, हा तपशील रोखेधारकांना कळवण्याचे काही कारण नव्हते.

एवढी तयारी झाल्यावर युद्ध कुठेही झाले तरी चालते. 24 फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चढाई केली, कच्चे तेल बॅरलला 100 डॉलरच्या वर गेले, आणि योगायोग असा की बेटावर पर्यटक पाठवणाऱ्या आघाडीच्या देशांत हे दोन्ही होते; शिवाय रशिया चहाचा मोठा गिऱ्हाईक. कोलंबोत गॅससाठी रांगा लागल्या. माणसे उन्हातान्हात किती उभी राहणार, म्हणून रिकामी सिलिंडरे साखळीने एकमेकांना बांधून रांगेत ठेवली गेली. 12 एप्रिलला परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे सरकारने जाहीर केले. शेजारी म्हणून भारताने डिझेलपासून तांदळापर्यंत उधारीवर धाडले, पण तोवर घर वाशांसह खचले होते.

शेवटची सूचना निवासस्थानाविषयी. तिथला जलतरण तलाव ऐसपैस असावा, कारण 9 जुलैला जनता आत शिरली तेव्हा त्यात पोहणारे बरेच निघाले. आपण मात्र तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्याप्रमाणे लष्करी विमानाने मालदीव आणि तेथून सिंगापूर गाठावे. राजीनामा त्यांनी तेथून ई-मेलने पाठवला. त्याला कागद लागत नाही.