‘खाज सगळ्यांनाच सुटते’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गर्भारपणात यकृतात पित्त अडून सुटणारी खाज आणि आतड्यातले जिवाणू, यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय: ‘गर्भारपणात खाज सगळ्यांनाच सुटते, बायकांना घाबरवू नका. प्रोबायोटिक घेतलं की आतडं सुधारतं, यकृतही. जिवाणूंचं तर सगळं उंदरांवरच दिसलंय.’ एवढं लिहून वर ‘अर्धवट ज्ञान’ हा शेरा. मतभेद खुशाल असावेत, पण ही कुठली भाषा? यकृताचे हेच रिपोर्ट रोज वाचण्यात माझी वर्षं गेलीत; शेरा मारण्याआधी लेख तरी पुरता वाचायचा.

आतड्यातल्या जिवाणूंचा या आजाराशी संबंध बराचसा उंदरांवरच दिसलाय, हा मुद्दा मान्य.

पण ‘सगळ्यांनाच’? पोटाची कातडी ताणून सुटणारी खाज वेगळी. यकृतात पित्त अडतं तेव्हाची खाज बहुधा शेवटच्या तिमाहीत येते, तळहात-तळपायांना जास्त, रात्री वाढणारी. पुरळ नसतं, दिसतात ते खाजवल्याचे ओरखडे. अशा वेळी एएलटी या यकृताच्या रक्ततपासणीबरोबर रक्तातली पित्ताम्लंही (पित्तातली आम्लं) तपासायची. त्यासाठी उपाशीपोटी राहायची गरज नाही. पित्ताम्लं १९ मायक्रोमोल प्रति लिटर किंवा जास्त आली की या आजाराच्या निदानाकडे बोट जातं. रिपोर्ट नॉर्मल आणि खाज चालूच, तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, कारण आकडे मागाहून चढू शकतात. २०१९ च्या मोठ्या विश्लेषणात एकच गर्भ असताना पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण पित्ताम्लं ४० च्या खाली असताना ०.१३ टक्के होतं, १०० आणि वर ३.४४ टक्के. म्हणूनच १०० ओलांडलं की ३५-३६ आठवड्यांत प्रसूतीचा विचार होतो. ही माहिती लपवायची का, तुम्हाला ‘घाबरवणं’ वाटतं म्हणून?

आता प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगले’ म्हणून घेतले जाणारे जिवंत जिवाणू. यकृत पित्ताम्लांना ग्लायसिन किंवा टॉरिन जोडून आतड्यात सोडतं. आतड्यातले काही जिवाणू बाईल सॉल्ट हायड्रोलेज या विकराने (एन्झाइमने) ती जोडणी तोडतात. लहान आतड्याच्या शेवटी बहुतेक पित्ताम्लं शोषली जातात, आणि तिथल्या पेशी एफजीएफ१९ हे संप्रेरक सोडून यकृताला ‘आता पुरे’ असा निरोप धाडतात. जोडणी जास्त तुटली आणि शोषण घटलं, तर निरोप क्षीण होतो, यकृत पित्ताम्लं बनवतच राहतं. आणि हे विकर प्रोबायोटिकमधल्या कित्येक लॅक्टोबॅसिलस जिवाणूंकडेही असतं! मग कुठला वाण, किती मात्रा, हे न सांगता ‘घ्या’ म्हणायचं कसं?

या आजारात दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दलचं तुमचं ‘अर्सोडिऑलचा उपयोग शून्य’ हे वाक्य सोडून देते. खाज त्याने थोडी कमी होते, एवढं पुरे.

तळपाय खाजत असतील तर कॅप्सूल घेऊन वाट बघत बसू नका, पित्ताम्लांची तपासणी आधी करा. बाळाची हालचाल कमी वाटली तर तपासणीच्या तारखेसाठीही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.