टाचणी खाली ठेवा: आरसी गाडीच्या बॅटरीबद्दलच्या एका संदेशाला उत्तर

मे महिन्याच्या सुटीत गोव्यात डिचोलीला बहिणीकडे गेलो, तेव्हा अकरा वर्षांचा भाचा पडवीत मांडी घालून बसला होता. एका हातात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाडीची बॅटरी, दुसऱ्या हातात टाचणी. बॅटरी मधोमध टम्म फुगलेली, वरचं निळं प्लास्टिक कडेला उसवलेलं. "मामा, टाचणी नेमकी कुठे मारायची?"

आधी टाचणी काढून घेतली, मग बॅटरी. बहिणीने मोबाइल पुढे केला. त्यातला संदेश नंतर मला फोंड्याहून आणि पेडण्याहूनही आला. नवखे हौशी आणि त्यांचे आईवडील तो एकमेकांना मोठ्या विश्वासाने पाठवत आहेत. मजकूर असा:

"नवी बॅटरी पहिल्यांदा १२ तास चार्ज करा. दर वेळी पूर्ण संपेपर्यंत गाडी चालवा, नाहीतर बॅटरीला सवय लागते. पिन बसली की कोणताही चार्जर चालतो. जास्त एमएएच म्हणजे जास्त स्पीड. बॅटरी फुगली तर टाचणीने हवा काढा. पावसाळ्यात फुल चार्ज करून फ्रीजमध्ये ठेवा."

सर्वांत आधी टाचणी. आत हवा नसतेच. तिथे द्रवरूप रसायनाचं विघटन होऊन वायू तयार झालेला असतो आणि ते रसायन पेट घेणारं असतं. अशा लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीत धन आणि ऋण थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. टाचणी हा पडदा फोडून दोन्ही थर जोडते. आतल्या आत शॉर्ट झालं की उष्णता वाढते, शेजारचे थर तापतात आणि धूर, मग ज्वाळा. शिवाय आतल्या लिथियमच्या क्षाराला दमट हवा लागली की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो फुफ्फुसांना घातक आहे आणि दमटपणाची तर आपल्याकडे कधीच कमी नसते. भाच्याने एक मिनिट आधी टाचणी मारली असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. ती गरम असेल तर हातही लावायचा नाही, लांब राहायचं. थंड असेल तर मोठ्या माणसाने ती अंगणात न्यावी. आम्ही ती मातीच्या रिकाम्या कुंडीत, एका चिऱ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी खऱ्या मोटारगाडीचा १२ व्होल्टचा बल्ब जोडून तो पूर्ण विझेपर्यंत तिथेच पेटता ठेवला, मग टोकांना चिकटपट्टी लावली. अशी बॅटरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी देणं ही आपलीच जबाबदारी आहे.

आता ती फुगली का? उत्तर संदेशाच्या पहिल्या तीन वाक्यांतच आहे.

बारा तासांचा सल्ला खोटा नाही, जुना आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीला क्षमतेच्या एकदशांश करंटने चौदा-सोळा तास चार्ज करत असत आणि तिला तो जादा वेळ सोसायचा. 'सवय लागते' हेही तिचंच. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केलं तर तिची ताकद लवकर संपल्यासारखी वाटायची. लिथियमला अशी सवय लागत नाही. उलट तिला तळ गाठायला लावणं हाच तिच्यावर मोठा अन्याय. लिपोच्या एका सेलचा व्होल्टेज भरल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७ आणि ३.० च्या खाली गेला की नुकसान सुरू. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गाडी मंदावली तरी "अजून एक फेरी" म्हणून ती ओढत नेली की त्या शेवटच्या फेरीत बॅटरीचं आयुष्य खर्च होतं.

"पण ईएससी आपोआप बंद करतो ना?" असं भावोजींनी गाडीतल्या वेग-नियंत्रकाबद्दल विचारलं. करतो, पण तो लिपोवर सेट केलेला असेल तरच. काही ईएससीवर छोटी जंपर पिन असते, काहींवर बटण दाबून निवड करावी लागते. भाच्याच्या गाडीत ती पिन निकेलवरच होती, कारण जुनी बॅटरी निकेलची होती. शिवाय बरेच ईएससी एकूण व्होल्टेजच पाहतात. दोन सेलच्या बॅटरीत एक सेल ३.७ वर आणि दुसरा २.९ वर असला तरी बेरीज ६.६ येते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून पांढऱ्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलशी जोडलेल्या छोट्या प्लगला) लागणारा बीपवाला छोटा चेकर घ्या. तो प्रत्येक सेल वेगळा दाखवतो. मी तो ३.५ वर लावतो. बीप ऐकू आला की गाडी हातात.

"पिन बसली की कोणताही चार्जर चालतो" या वाक्याने मला सर्वांत जास्त राग आला, कारण ते सोपं आहे म्हणून पटतं. निकेलच्या चार्जरला बॅटरी भरल्याची खूण कळते ती अशी: व्होल्टेज वर चढून किंचित खाली उतरला की तो थांबतो. लिपोचा व्होल्टेज असा उतरतच नाही. चार्जर वाट पाहत राहतो आणि करंट ढकलत राहतो, दोन सेलची ८.४ व्होल्टची मर्यादा ओलांडून पुढे. लिपोचा चार्जर आधी ठरावीक करंट देतो, ४.२ ला पोहोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करतो आणि मग थांबतो. भाच्याच्या घरी काय झालं होतं, तर जुन्या निकेलच्या बॅटरीचा चार्जर, मधे जोडणीची वायर, रात्रभर, तोही लाकडी सोफ्यावर. चार्जरबरोबर दिलेल्या कागदावर 'लिपोसाठी नाही' एवढे दोन शब्दसुद्धा नव्हते.

चार्जर निवडताना तीन गोष्टी पाहा: तो लिपोचा आहे का, तो सेल बॅलन्स करतो का, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणतो का, आणि किती वॅटचा आहे. ५००० एमएएचची बॅटरी १ सी ने, म्हणजे क्षमतेएवढ्याच करंटने, इथे ५ अँपिअरने चार्ज करायची तर ८.४ गुणिले ५, म्हणजे ४२ वॅट लागतात. ५० वॅटचा चार्जर पुरतो. तीन दिव्यांचा स्वस्त चार्जरही चुकीचा नाही. तो बॅलन्स प्लगमधूनच भरतो, पण ८०० मिलिअँपिअरवर तीच बॅटरी सहा तासांहून जास्त घेते आणि मग लोक ती लावून झोपी जातात. माझा आग्रह आहे, घरातलं कोणी जागं असतानाच चार्ज करा, फरशीवर किंवा चिऱ्यावर. गादी, सोफा, लाकडी बाक यांपासून दूर. मेन्यूमध्ये बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या सुरू करण्याआधी मोठ्याने वाचा.

एमएएच आणि वेगाचं थोडक्यात. एमएएच म्हणजे टाकीचा आकार. गाडी किती वेळ पळेल ते त्यावरून कळतं. वेग व्होल्टेज आणि मोटर मिळून ठरवतात. मोटरवरचा केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर भाराविना मिनिटाला २४,४२० फेरे घेते, ११.१ वर ३६,६३०. पण म्हणून दोन सेलच्या गाडीत तीन सेलची बॅटरी खुपसू नका, आधी ईएससी आणि मोटर किती सेलची आहे ते पाहा. बॅटरी किती करंट देऊ शकते ते सी सांगतो, निदान लेबलवर तरी. ५००० एमएएच आणि ३० सी म्हणजे १५० अँपिअर. हा आकडा बरेचदा फुगवलेला असतो. जास्त सीमुळे मोटर जळत नाही, मोटर आपल्याला हवा तेवढाच करंट ओढते.

लेबलचा विषय निघालाच आहे, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. भावोजींनी ऑनलाइन मागवलेल्या दुसऱ्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट, ६५०० एमएएच असं छापलं होतं. म्हणजे ४८ वॅट-तास. हौशी गाड्यांच्या लिपोत किलोमागे साधारण १३० ते १८० वॅट-तास मावतात, म्हणजे हिचं वजन अडीचशे ग्रॅमच्या वर हवं. काट्यावर १९० भरलं. योग्य चार्जरवर रिकामी बॅटरी पूर्ण भरली, तेव्हा पडद्यावर ४१०० एमएएच दिसले. मुलांच्या स्वस्त गाड्यांतल्या '१८६५०' नावाच्या नळकांड्यासारख्या सेलचंही तेच. '९९०० एमएएच' छापलेला १८६५० सेल दिसला तर परत करा. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मावतात.

उरला पावसाळा आणि फ्रीज. थंडीत बॅटरी हळू म्हातारी होते, इतपत संदेश बरोबर आहे. पण जुलैच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या बॅटरीवर दव धरतं, प्लगच्या आत पाणी जातं आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने आधीच हिरवट झालेल्या पिना आणखी खराब होतात. मोठी चूक मात्र 'फुल चार्ज' ही आहे. ४.२ वर महिनोन् महिने पडून राहिलेली बॅटरी आतल्या आत झिजते आणि फुगते. चार्जरमध्ये 'स्टोरेज' असा पर्याय असतो, तो प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवतो. जून ते सप्टेंबर बॅटरी त्याच पातळीवर ठेवा, गाडीतून काढून.

बहिणीकडे आता बॅटरी पडवीच्या कोनाड्यात पत्र्याच्या डब्यात असते, झाकण घट्ट न लावता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा चेकर लावतो आणि मला फोन करून आकडे सांगतो. जुलैत ३.८१ आणि ३.८० होते.