थेरपी कसली, थेरं!

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली: तरुण मुलांच्या नैराश्यावर जंगलात, बागेत उपचार. त्यावर आमचा दादा: "थेरपी कसली, थेरं आहेत! आम्ही झाडांवर चढूनच मोठे झालो. पोरांना महिनाभर शेतावर पाठवा, सरळ होतील." खाली सतरा अंगठे. चार वर्षांपूर्वी अठरावा माझा असता.

झाडांवर चढणाऱ्यांतलं कोण रात्र रात्र जागं असायचं, कुणाची शाळा मध्येच सुटली, हे तेव्हा मोजलं कुणी? 'हट्टी आहे', 'लाडावलंय' एवढ्यावर भागायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच निघाले. झाडं तर तेव्हाही होतीच की, दादा.

चौदाव्या वर्षी माझ्या मुलीचं बोलणं हळूहळू आटलं. इथल्या, इंग्लंडमधल्या जीपीने (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) पुढे मानसोपचारासाठी पत्र पाठवलं, आमचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. तोवर लिंक वर्करने (दवाखान्यातर्फे लोकांना अशा गटांशी जोडून देणारी व्यक्ती) शनिवारचा एक गट सुचवला, जवळच्या रानात. डॉक्टर मागितला तर यांनी झाड दिलं, असं म्हणून मी गाडीत रडले होते.

पहिल्या शनिवारी थोडं लांब उभी राहून पाहिलं. सहा मुलं, ताडपत्री, काळीकुट्ट किटली. ज्याच्या त्याच्या हातात एक काठी आणि ती सोलायला सुरी. (माझ्या मुलीच्या हातात सुरी! मला घाम फुटला.) 'कसं वाटतंय?' असं कुणीच विचारलं नाही. नजर काठीवर, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत बघायला नको. खुर्चीत समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते हात गुंतले की निघतं. तिसऱ्या शनिवारी ती आपणहून बोलली, "धूर माझ्याच अंगावर का येतो?" घरी येऊन मी ते वाक्य कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

मग काय, मी ग्रुपवर आकडेच फेकले. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सात ठिकाणी सरकारी पैशाने लोकांना अशा गटांत पाठवून पाहिलं गेलं. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तर सगळ्यांत कमी हिरवळीत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. 'आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात' हा २०१९ चा आकडाही टाकला. तो मोठ्या माणसांच्या पाहणीतला आहे, आणि ठणठणीत माणसंच जास्त फिरायला जात असतील, हे मात्र सोयीस्करपणे गाळलं.

दादाने एकच ओळ लिहिली: "तुमच्याकडे एवढं हिरवं, मग पोरं आजारी का?"

शेतावर पाठवून सरळ करण्याचा प्रयोग अमेरिकेत झालाय, हे त्याला सांगायला हवं होतं. तिथे मुलांना मनाविरुद्ध उचलून रानातल्या शिबिरांत नेत. अशा संस्थांमधल्या मृत्यूंवर २००७ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल आला. रान तेच, माझ्या मुलीला मात्र 'नको' म्हणायची मुभा होती. आणि नंबर लागल्यावर तिला समुपदेशकही लागला, गोळ्याही लागल्या. नुसत्या झाडाने भागलं नाही. हेही मी ग्रुपवर लिहिलं नाही. दादाला आयतं कोलीत कशाला?

खरं सांगायचं तर त्याच्या त्या ओळीने झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. नवव्या वर्षी आम्ही तिला तिच्या भाषेतून, आजीच्या मांडीवरून उचलून इथे आणलं. तेव्हा 'नको' म्हणायची मुभा तिला कुणी दिली होती?

परवा तिने सोललेल्या काठीचा फोटो ग्रुपवर टाकला. दादाने विचारलं, "कुठलं झाड?" मला येईना. तिला हाक मारली. फोनवरची मान वर न करता ती म्हणाली, "हेझल, आई. पानावरून कळतं." मी तसं लिहिलं.

लगेच दादा: "मराठीत काय म्हणतात त्याला?"

त्याच्या फोनवर त्या मेसेजपुढे दोन निळ्या खुणा केव्हाच्या उमटल्या असतील.