"वाड्यातली विलायती दोननळी घ्या आणि क्ले खेळा" : त्या फॉरवर्डचं काय करायचं

तो मेसेज आता पुण्यातल्या जवळपास प्रत्येक शूटिंग ग्रुपवर फिरून झालाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (क्ले म्हणजे हवेत फेकलेली चकती छर्ऱ्यांनी फोडायचा खेळ). नव्या इटालियन बंदुकीवर लाखो रुपये घालवू नका, ओळखीत कुणाच्या तरी वाड्यात पडून असलेली जुनी विलायती बारा बोअर घ्या, जुनं पोलाद ते जुनं पोलाद. शंभर वर्षांवरची असेल तर अँटिक, म्हणजे लायसन्सची कटकट नाही. काडतूस कुठलंही बारा बोअरचं चालतं, नळी लांब तेवढा मारा लांब, आतून डाग असतील तर पॉलिश मारून घ्या की झाली नवी. फार्महाऊसवर खेळा आणि नाही जमलं तर उद्या विकून टाका, पैसे वसूल. खाली अर्थातच "पुणेकरांनी जरूर शेअर करा".

आधीच सांगतो, मी जुन्या बंदुकीच्या विरोधात नाहीये. ब्राउनिंगची बी-२५ ही एकावर एक नळीवाली बंदूक १९३१ पासून बाजारात आहे, पेराझीची एमएक्स-८ १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळची, ऐंशी-नव्वदच्या दशकातली बेरेटा ६८२ तर आजही जगभर लोक बिनधास्त क्लेवर वापरतात. ह्यातली एखादी चांगल्या हातात राहिलेली मिळाली तर डोळे मिटून नाही पण डोळे उघडे ठेवून जरूर घ्या. माझं भांडण आहे ते "जुनी आहे म्हणजे चांगलीच" ह्या वाक्याशी, कारण बंदुकीचं वय बघून काहीच कळत नाही, ती मोजावी लागते.

लायसन्सचं आधी घेऊ, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, ह्यात माणूस आत जातो. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे हे खरं. पण त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की दुरुस्ती करून किंवा न करता जे बंदूक म्हणून वापरताच येत नाही असं हत्यार. आता तुम्हीच बघा, जिच्याने क्ले फोडायचा बेत आहे ती ह्या सुटीत कशी बसणार? बिनलायसन्सची सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५. आजोबांच्या नावावर लायसन्स होतं आणि आजोबा गेले, तर ती बंदूक आपोआप नातवाची होत नाही, पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक दुकानदाराकडे जमा करून वारसाने स्वतःचा अर्ज करायचा असतो. शहरात पोलीस आयुक्तालय, पिंपरी-चिंचवडचं वेगळं, ग्रामीणला कलेक्टर. "कपाटात आहे, कुणाला माहितीय" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी बंदुकीबद्दल बोलूच नका.

आता काडतूस. हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि सगळ्यात जास्त घातक आहे. बारा बोअर हे नळीच्या व्यासाचं माप झालं, पण काडतूस ज्या घरात बसतं त्या चेंबरची लांबी वेगळी गोष्ट आहे. जुन्या इंग्लिश बंदुकींचं चेंबर बहुतेक वेळा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. क्लेची आजची काडतुसं सर्रास ७० मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंची. लोक म्हणतात अहो पण ७० चं बसतं की आत, बंदूक नीट बंद होते! होणारच. कारण डब्यावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते, न उडालेलं दुमडलेल्या तोंडामुळे आखूडच असतं. उडतं तेव्हा ती दुमड पुढे उलगडायला जागा मागते, अडीच इंची चेंबरमध्ये तिथे नळी निमुळती व्हायला लागलेली असते, तोंड पूर्ण उघडत नाही आणि प्रेशर वाढतं. दर वेळी नळी फुटेल असं नाही, हेच तर वाईट आहे, कारण पहिल्या पन्नास गोळ्यांना काही झालं नाही की माणसाला वाटतं फॉरवर्ड बरोबर होता, आणि तिकडे अ‍ॅक्शन (नळ्या बंद धरणारा सांधा) हळूहळू ढिली होत जाते.

ह्यावर एक हुशार उत्तर येतं की क्लेला २४ ग्रॅमच तर छर्रे लागतात, हलकं काडतूस, काय होतंय. ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीट ह्या क्लेच्या दोन प्रकारांना २४ ग्रॅमची मर्यादा आहे हे बरोबर, पण छर्रे कमी म्हणजे प्रेशर कमी असं नसतं. ट्रॅपची काडतुसं वेगवान बनवलेली असतात. डब्यावरची लांबी वाचायची, ग्रॅम नंतर. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीच्या शेजारी राहणाऱ्या शहराला काडतुसाचा डबा वाचायला शिकवावं लागतंय ही पण गंमतच.

चेंबर किती हे कळणार कुठून, तर नळ्या उघडून खालच्या सपाट भागावर बघा. इंग्लिश बंदूक असेल तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुकीची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात. १९२५ नंतरच्या बंदुकीवर चेंबरची लांबी बहुधा आकड्यात सापडते. त्याआधीच्यांवर हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि खाली सी असतो, त्याचा अर्थ एवढाच की चेंबर तीन इंचापेक्षा कमी, बाकी मोजून घ्या. १९५४ नंतरच्यांवर दर चौरस इंचाला किती टन असं प्रेशर लिहिलेलं असतं, अडीच इंचीला साधारण ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन. आणि सगळ्यात आधी "नायट्रो प्रूफ", एनपी किंवा बीएनपी आहे का ते शोधा. नसेल तर ती बंदूक काळ्या दारूसाठी तपासलेली आहे, आजच्या पावडरसाठी नाही, विषय संपला. शिक्का असला तरी तो त्या दिवसाचा आहे हेही ध्यानात ठेवा, मधल्या सत्तर वर्षांत कुणी आतून घासली असेल तर शिक्क्याला काय कळणार.

"जुनं पोलाद" वाल्यांसाठी. ज्या नळीवर लाटालाटांची सुंदर नक्षी दिसते ती दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली. कारागिरी अफाट, वाद नाही. पण जोड म्हणजे जोड, त्याच्या आत गंज धरला तर बाहेरून दिसत नाही. आता फॉरवर्डची खोड काढताना मीही उलटं टोक गाठायला नको, काही दमास्कस नळ्यांना नायट्रो प्रूफ मिळालेलं आहे आणि इंग्लंडात लोक त्या हलक्या आखूड काडतुसांवर आजही चालवतात. पण नीट मोजून, आणि खात्रीच्या गनस्मिथच्या हातून गेल्यावर. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने खोळीत गुंडाळून ठेवलेल्या, वर निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस स्टेशनला जमा होऊन तिथल्या कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बंदुकीला तो हिशोब लावू नका.

म्हणूनच पॉलिशचा सल्ला वाचून डोक्याला हात लावला. खड्डे घालवायचे म्हणजे आजूबाजूचा धातू काढायचा, नळी आतून आरशासारखी होते आणि भिंत पातळ. इंग्लिश धंद्यात भिंत कमीत कमी २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असावी असं मानतात, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर! त्यामुळे आतून चकाचक आणि बाहेरून ताजी काळीभोर दिसणारी जुनी बंदूक समोर आली की मला आनंद होत नाही, शंका येते. भिंत मोजायचा गेज विकणाऱ्याकडे नसेल तर गेज असलेला गनस्मिथ शोधा, तोवर पैसे खिशात.

दुकानात उभ्या उभ्या एवढं तरी होतं. बंदूक रिकामी आहे हे स्वतः बघा. नळ्या काढून ट्यूबलाइटकडे धरा, आत उजेडाची गोल गोल कडी दिसतात, एखादं कडं चेपलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे. मग नळ्या खालच्या हुकाला बोटावर लटकवून नखाने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज आला तर ठीक, भद्द वाजलं तर मधली पट्टी सुटत आलीय. मग पुढचा लाकडी तुकडा न लावता बंदूक बंद करून हलवा, खडखड आली तर ढिली. शेवटी स्नॅप कॅप (दारू नसलेलं खोटं काडतूस) टाकून एक घोडा ओढा आणि दस्त्यावर बाहेरून हाताने थोपटा, दुसरा आपोआप पडला तर दोन्ही नळ्या एकदम उडणारी बंदूक तुम्ही घेताय.

नळी लांब तेवढा मारा लांब, हे काळ्या दारूच्या जमान्यातलं. आजची पावडर नळीच्या बऱ्याच अलीकडे जळून जाते, वरच्या इंचांनी वेग किरकोळच वाढतो. लांब नळीचा उपयोग बंदूक सलग फिरायला होतो, बास.

फिटिंगबद्दल तर फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. शिकारीची दोननळी तीन किलोच्या आसपास, दिवसभर खांद्यावर घेऊन हिंडायला आणि दहा-वीस वेळा उडवायला केलेली. क्लेची बंदूक साडेतीन ते चार किलो असते, कारण ट्रॅपची एक फेरी २५ टारगेटची, एका टारगेटला दोन गोळ्या मारता येतात, आणि मोठ्या मॅचमध्ये अशी १२५ टारगेट. हलक्या बंदुकीने दुसऱ्या फेरीत गाल आणि खांदा सुजला की माणूस झटका यायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, ती सवय सुटता सुटत नाही. कुणी कितीही भारी कंपनीची दिली तरी दस्ता तुमच्या गालाला बसत नसेल तर ती तुमच्यासाठी नाही.

वाड्यात बंदुकीबरोबर काडतुसांचा डबा पण मिळतो, कागदी, पावसाने फुगलेली, पितळ हिरवं पडलेलं. ती उडवू नका, अर्धवट उडालेल्या काडतुसाचं बूच नळीत अडकतं आणि मागून दुसरी गोळी गेली की नळी फुटते. त्यात वीस बोअरचं, म्हणजे बारापेक्षा बारीक, एखादं मिसळलेलं असेल तर अजून वाईट, ते बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकतं आणि मागे बाराचं आरामात बसतं. वीसची काडतुसं पिवळी करतात ती ह्याच कारणाने.

फार्महाऊसबद्दल एकच, बारीक छर्रासुद्धा दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडतो, आणि मुळशीत दोनशे मीटरवर कुणाचा ना कुणाचा रिसॉर्ट असतोच.

राहिली किंमत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला विदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे जी आधी आली तीच फिरत राहते आणि नावाप्रमाणे भाव वाढतो, अवस्थेप्रमाणे नाही. हाताने बसवलेल्या बंदुकीचा स्प्रिंग तुटला तर पार्ट दुकानात मिळत नाही, कुणीतरी घडवून द्यावा लागतो. आणि "उद्या विकून टाका" हे तर भारीच. खाजगी विक्री करायची तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं, त्यानंतर ४५ दिवस थांबायचं, आणि घेणाऱ्याकडे लायसन्स पाहिजे, ज्यावर सर्वसाधारणपणे दोनपेक्षा जास्त बंदुका आता बसत नाहीत. म्हणजे ह्यांचा "उद्या" दीड महिन्याने उजाडतो, तोही गिऱ्हाईक तयार असेल तर.