याकी खोऱ्यातला ‘ओसाड माळ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मेक्सिकोतल्या सिउदाद ओब्रेगॉन या शहरावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय : “ओसाड माळावर शून्यातून उभं राहिलेलं हे शहर. बोरलॉगचा गहू जगभर गेला तो इथून. तुम्ही मात्र आदिवासींचं रडगाणं लावून बसलात. मेक्सिको न बघता घरबसल्या असं लिहिणं सोपं असतं. लेखही फार लांबलाय.”

महोदय, मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण रडगाणं? मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत या खोऱ्यातली हजारो याकी आदिवासी माणसं बायकापोरांसकट पकडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर राबायला धाडली. कित्येक तिथेच मेली. त्यांच्याबद्दल हा शब्द लिहिताना तुमची बोटं जराही अडखळली नाहीत?

गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्यावर आणखी एक परिच्छेद चालला असता, एवढं मान्य. याच खोऱ्यात त्यांनी तांबेऱ्याला दाद न देणारा, आखूड ताटाचा गहू घडवला. 1966 मध्ये तिकडून आलेलं 18,000 टन बियाणं आपल्याकडे पेरलं गेलं. ते ऋण मीही मानतो. पण ऋण मानायचं म्हणून जमीन कुणाची होती ते विचारायचं नाही, असं कुठे ठरलंय?

आता तो ‘ओसाड माळ’. याकींची आठ गावं याकी नदीकाठी जेझुइट मिशनऱ्यांच्या काळापासून नांदत होती. त्यांतलं कोकोरित आजच्या शहराच्या अगदी शिवेला आहे. नदीला पूर यायचा, गाळ पसरायचा, पाणी ओसरलं की त्यात मका, घेवडा, भोपळा. आपण ज्याला गाळपेर म्हणतो तीच शेती. 1883 च्या कायद्याने मोजणी कंपन्यांना मोकळीक दिली : ज्याचा कागद नाही ती जमीन मोजा आणि एक तृतीयांश स्वतःला ठेवा. गाळात पेरणाऱ्याकडे कागद कुठून असणार? माळ ओसाड ठरला तो असा, नकाशावर. मग कालवे काढणाऱ्या कंपन्या आल्या, रेल्वे आली आणि काहेमे नावाचं स्टेशन झालं. काहेमे हा याकींचा पुढारी, 1887 मध्ये सरकारने त्याला गोळ्या घालून मारलं होतं. 1928 मध्ये क्रांतीतला सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष ओब्रेगॉन याचा खून झाल्यावर स्टेशनाभोवती वाढलेल्या गावाला त्याचं नाव मिळालं. ज्याच्या फौजेत याकी लढले तोच हा ओब्रेगॉन. याला तुम्ही शून्य म्हणता?

आणि घरबसल्या लिहिण्याबद्दल. मी धरणग्रस्ताचा मुलगा आहे. भीमाकाठी आमची मळई होती. पाणी उतरलं की वडील तिथे कलिंगडं लावायचे, वाळूत खड्डे करून, प्रत्येक आळ्यात ओंजळभर शेणखत. मोजणीला आलेल्या माणसाने बांधावर उभं राहून विचारलं, “हे काय, पड ना?” सातबाऱ्यावर पडच लागली आणि मोबदलाही पडीचाच मिळाला. पिकती जमीन कागदावर ओसाड कशी होते हे कळायला मला विमानाचं तिकीट लागत नाही. तुम्हाला कदाचित लागत असेल.

लेख लांबला म्हणता, तर लांबला. अर्ध्यात सोडायला कुणी अडवलं नव्हतं. वाचला असतात तर राष्ट्राध्यक्ष कार्देनासने 1937 मध्ये याच खोऱ्यात शेतमजुरांना जमिनी वाटल्या आणि 1940 मध्ये आंगोस्तुरा धरणाचं निम्मं पाणी याकींसाठी राखून ठेवलं, हेही दिसलं असतं. शहराच्या वाढीत मला चांगलं काही दिसतच नाही, हा आरोप त्यामुळे टिकत नाही.

राखून ठेवलेल्या त्या पाण्याचं पुढे काय झालं यावर दुसरा भाग लिहितोय. 2013 मध्ये याच नदीचं पाणी पाइपातून एर्मोसियो शहराला जाऊ लागलं आणि त्याच वर्षी मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने याकींना विश्वासात घ्यायला सांगितलं. त्या भागाखाली जरूर लिहा, हवं तितकं कडक लिहा. ‘रडगाणं’ पुन्हा दिसलं तर मात्र ती प्रतिक्रिया मी काढून टाकीन.