छंद, पण सांगण्यासारखा नव्हे

बेळगावात माणसाला छंद असावा, पण तो पाहुण्यांसमोर सांगण्यासारखा असावा. कोणी राजहंसगड चढतं, कोणी पहाटे व्हॅक्सिन डेपोवर चालायला जातं, त्यांचं कौतुक होतं. ‘मी किल्लीशिवाय कुलपं उघडायला शिकतोय’ म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग खिसा चाचपतो.

वास्तविक या छंदात कुठे शिरायचं नसतंच. नियम दोन. कुलूप स्वतःचं हवं, आणि ते रोजच्या वापरातलं नको. कारण आतली एखादी स्प्रिंग बिघडली तर घराचे मालक आपणच बाहेर. म्हणजे टेबलावर एक सुटं कुलूप, कशालाच न लावलेलं, आणि त्याच्याशी झगडणारा एक इसम. बायकोनं विचारलं, “उघडल्यावर आत काय मिळतंय?” म्हटलं, काही नाही. “मग?” या ‘मग’चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तिला मी हॉब्जची गोष्ट सांगून पाहिली. लंडनच्या ब्रामा कंपनीनं 1790 पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं, उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस. साठेक वर्षं कोणाला जमलं नाही. 1851च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून हॉब्ज आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्यानं ते उघडलं. तिनं शांतपणे भाजी निवडत ऐकलं आणि म्हणाली, “एवढ्यात दुसरी किल्ली करून झाली असती खरं.”

या छंदाला गल्लीत एकच दाद देणारा मिळाला : शेजारचे काका. उद्यमबागेत लेथवर उभा जन्म काढलेला माणूस. पिनांच्या कुलपात प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक असतात, वरून स्प्रिंग दाबते, आणि किल्ली त्या सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत आणते तेव्हाच मधला सिलिंडर फिरतो, एवढं मी सांगितलं. पुढचं त्यांनीच ओळखलं. “भोकं एका लायनीत कधी पडतच नाहीत रे. कितीही चांगलं मशीन असू दे, फरक राहतोच. म्हणजे फिरवायचा जोर दिला की सगळ्या पिना एकदम नाही अडकायच्या, एकच अडकणार.” झालं, अख्खी विद्या हीच. अडकलेली पीन शोधायची, हलकेच वर ढकलायची, टिक झालं की पुढची.

अवजारंही काकांनीच केली. मोटारीच्या जुन्या वायपरच्या रबरातली पोलादी पट्टी काढली, ग्राइंडरवर टेकवायची, लगेच पाण्यात बुडवायची. पट्टी निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग ती वाकते. दुकानात मिळणार नाही असा देखणा पिक, म्हणजे पिना ढकलायचा आकडा, तयार झाला.

घोडं अडलं ते हातात. काकांनी आयुष्यभर नट आवळलेले, त्यामुळे ताणपट्टी, म्हणजे सिलिंडरला फिरवायचा जोर देणारी पट्टी, धरली की पट्टीच पिळायची. ताण एवढाच द्यायचा, की दाबणाऱ्या बोटाच्या नखाचा रंग बदलता कामा नये. नख पांढरं पडलं म्हणजे सगळ्या पिना जाम, आणि त्यांना ढोसत बसलं तर एखादी हद्दीबाहेर वर जाते. मग सगळं सोडून पहिल्यापासून. काका सोडायला तयार नसायचे. “आलंय की आता!” म्हणून आणखी जोर.

नवशिक्यानं पारदर्शक कुलूप आणावं, पण त्याच्यावर फार दिवस रमू नये. डोळ्यांना सवय लागते आणि बोटं अडाणीच राहतात. आणि पहिल्याच महिन्यात भारी कुलपाच्या वाटेला जाऊ नये. त्यातल्या काही पिना मध्ये बारीक, रिळासारख्या असतात. सिलिंडर जरासा फिरतो, आपण उडी मारतो, आणि तो तिथंच ठाम बसतो. ही अवस्था सीमाभागातल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही. 2004 साली सुप्रीम कोर्टात गेलेला आमचा दावा असाच जरासा फिरलेला आहे. कुलपात निदान उपाय आहे. ताण थोडा ढिला करायचा, हाती आलेलं थोडं मागं जाऊ द्यायचं आणि मग पुढं सरकायचं.

गल्लीला मात्र एवढंच कळलं, की मी कुलपं उघडतो. एका मावशींनी गावाला गेलेल्या भाडेकरूची खोली “नुसती बघायला” उघडून मागितली. मी नाही म्हटलं, तर “येत नाही म्हणा की!”

मग गणपतीत मंडळाच्या वर्गणीपेटीची किल्ली हरवली. मला घरातून उचलूनच नेलं. पेटीवर ‘7 लिव्हर’ असं कोरलेलं जाडजूड कुलूप. लिव्हरच्या कुलपात पिनाच नसतात, पत्र्यांची चळत असते, त्याची अवजारं निराळी, हे मी मांडवात पंचवीस माणसांसमोर समजावून सांगत होतो. तेवढ्यात एका कार्यकर्त्यानं घणाचे दोन घाव घातले आणि कुलूप सुटलं. टाळ्या त्याला.

संध्याकाळी अध्यक्ष नवं कुलूप घेऊन दारात. “हे उघडतंय काय तुम्हाला?” उलटसुलट करून पाहिलं. पिनांचंच होतं. मी खरं ते सांगितलं, “उघडेल, पण वेळ लागेल.”

पेटीला आता दोन कुलपं आहेत, आणि वर्गणी मोजायला मला बोलावत नाहीत.