फेनवेच्या तारखा आणि आमचे काका

फॅमिली ग्रुपवर परत पेटलंय. आतेभावाने दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंबद्दल काहीतरी फॉरवर्ड केलं, की १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरच्या वर विकेटी काढलेला हा माणूस पुण्यात हिंदूंच्या टीमकडून खेळायचा तेव्हा त्याला चहा बाहेरच, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. झालं! काकांचा लगेच मेसेज, "खेळात जात आणू नका रे, गेलं ते गंगेला मिळालं." मग रात्रभर टिंगटिंग.

मी बॉस्टनला राहतो. इथली बेसबॉल टीम रेड सॉक्स म्हणजे लोकांचं कुलदैवतच, तारखा सगळ्यांच्या तोंडपाठ. २० एप्रिल १९१२ ला त्यांचं स्टेडियम फेनवे पार्क सुरू झालं, २७ ऑक्टोबर २००४ ला ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले आणि त्या रात्री नेमकं खग्रास चंद्रग्रहण (आमच्या आजीने मॅचच बघू दिली नसती). १९१९ च्या शेवटी त्यांचा स्टार खेळाडू बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीज टीमला विकलं हे तर अजूनही असं सांगतात की जणू आजोबांनी गावची जमीन फुंकली.

पण मला जी तारीख धरून बसावीशी वाटते ती २१ जुलै १९५९. त्या दिवशी शिकागोला पम्प्सी ग्रीन दुसऱ्याच्या जागी पळायला मैदानात उतरला, रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळलेला पहिला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून १९४७ लाच खेळला होता, म्हणजे यांना आणखी १२ वर्षं लागली, १६ टीममध्ये सगळ्यात शेवटी हे. आणि वैताग म्हणजे हाच रॉबिन्सन एप्रिल १९४५ मध्ये फेनवेवर ट्रायल देऊन गेला होता, तेव्हा यांनी घेतलं नाही!

इथे सगळे शहाणे आहेत असं मुळीच नाही हं. तेव्हाचे मालक टॉम यॉकी, त्यांचं नाव स्टेडियमबाहेरच्या रस्त्याला होतं, २०१८ मध्ये याच कारणाने ते काढून परत जर्सी स्ट्रीट केलं तर केवढी बोंबाबोंब, त्यांनी दानधर्म किती केला, जुनं कशाला उकरता वगैरे. म्हणजे काका इथेही आहेतच.

१५ एप्रिलला, रॉबिन्सनच्या नावाच्या दिवशी, लेकीला मॅचला नेलं होतं, थंडीने दात वाजतायत आणि झाडून सगळ्या खेळाडूंच्या पाठीवर ४२, रॉबिन्सनचा नंबर. ती म्हणे, बाबा ओळखायचं कसं कोण कोण ते? मग सगळं सांगितलं, ट्रायलचंही. तर तिचा प्रश्न, "आपल्या टीमने का नाही घेतलं त्याला?" आपल्या म्हणाली ती. काय सांगणार, होते तसे, म्हटलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं आणि वर विचारलं, काका, खेळात जात आणली कोणी, फॉरवर्ड करणाऱ्याने की चहाचं भांडं वेगळं ठेवणाऱ्याने? दोन दिवस ब्ल्यू टिक, उत्तर नाही. काल विचारतायत, "बाळू कॅप्टन कधी झाले रे?"

मुंबईतल्या हिंदूंच्या टीमचं कॅप्टन केलंच नाही काका त्यांना. धाकट्या भावाला केलं, विठ्ठलला, १९२३ मध्ये.